तुमचे प्रश्न: पहिली आर्मी कुठली घेऊ?

मागच्या अंकात टेबलावरच्या मिनिएचर लढायांबद्दल लिहिलं आणि नंतर जी पत्रं आली त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, की सुरुवात कुठल्या सैन्याने करू. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत: प्लास्टिकचे सव्वा-दीड इंची सैनिक सुटे भाग जोडून चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर फासे आणि इंचाची टेप घेऊन लढाई खेळायची. यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे वॉरहॅमर ४०,०००, नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा, १९८७ साली आलेला, खेळणारे त्याला नुसतं फॉर्टी-के म्हणतात. आर्मी म्हणजे त्यातली एक बाजू, आणि अशा बाजू वीसच्या वर आहेत म्हणून तर हा सगळा गोंधळ. खाली सारखी येणारी तीन नावं: स्पेस मरीन म्हणजे जड चिलखतातले महायोद्धे, एल्डर म्हणजे परग्रहावरचे चपळ लोक, आणि कस्टोडीज म्हणजे सम्राटाचे सोनेरी अंगरक्षक.

दादा, मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, इंदिरानगर. पाथर्डी फाट्याचा मित्र नेक्रॉन घेतोय. यूट्यूबवर सगळे म्हणतात नवीन माणसाने स्पेस मरीन घ्यावेत, पण ते सगळ्यांकडेच असतात. मला एल्डर जाम आवडलेत, फास्ट आहेत, दिसतात पण भारी. शिवाय कोणीतरी म्हणालं कस्टोडीज घे, मॉडेल कमी लागतात म्हणजे स्वस्तात पडेल. काय करू?

अरे, आधी "बिगिनर-फ्रेंडली" म्हणजे काय ते बघू, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतात. एक म्हणजे खेळताना सोपी आणि दुसरी म्हणजे रंगवताना सोपी. यूट्यूबवाले बोलतात पहिलीबद्दल. पण तू हिशोब कर ना, कॉलेज, सबमिशन, परीक्षा सगळं सांभाळून पहिल्या वर्षात तुझे गेम होणार सात-आठ, आणि ब्रश हातात घेऊन बसशील त्या संध्याकाळी होतील साठ-सत्तर. म्हणजे आर्मी निवडायची ती टेबलापेक्षा जास्त त्या संध्याकाळींसाठी.

तरी खेळाचं आधी सांगतो, कारण त्यात गणित आहे आणि तू मेकॅनिकलचा आहेस. गोळी लागली की दोन फासे पडतात. पहिला, जखम झाली का, हे गोळीची ताकद आणि समोरच्याचा चिवटपणा यांच्या तुलनेवर ठरतं. दुसरा, चिलखताने वाचवलं का. समज ताकद ४ च्या अठरा साध्या गोळ्या लागल्या. समोर अ‍ॅस्ट्रा मिलिटारमचा, म्हणजे साध्या माणसांच्या फौजेतला शिपाई असेल, चिवटपणा ३, चिलखत ५ किंवा वर पडलं तरच वाचवणार, तर बारा जखमा होतात आणि त्यातल्या आठ चिलखतातून पार होतात, म्हणजे सरासरी आठ माणसं गेली. तुझे एल्डर गार्डियन असतील तर सहा गेले. स्पेस मरीन असेल, चिवटपणा ४, चिलखत ३ किंवा वर, तर जखमा पार होतात फक्त तीन, आणि एका मरीनला मारायला दोन जखमा लागतात, म्हणजे एक मेला आणि एक लंगडतोय. कस्टोडीजच्या साध्या गार्डला त्याच अठरा गोळ्यांत फक्त एक जखम, आणि त्याला तीन जखमा झेपतात, तो तसाच चालत येतोय!

मरीन चुका माफ करतो म्हणतात ते हे. तू युनिट, म्हणजे एकत्र हलणारी तुकडी, चुकून उघड्यावर ठेवलंस, भिंतीमागे न्यायला विसरलास (विसरशील, पहिल्या पाच गेममध्ये सगळेच विसरतात), तर मरीन पुढच्या टर्नला बहुतेक जागेवर असतो. एल्डर नसतो. एल्डर फास्ट आहेत हे बरोबर, पण ते फास्ट आहेत म्हणूनच जिवंत राहतात, प्रत्येक टर्नला कोण कुठून आपल्याला बघतंय हे मोजून मग पळायचं, मारायचं आणि परत लपायचं, आणि हे जमायला समोरच्या आर्म्या पाठ असाव्या लागतात. त्या तुला अजून पाठ नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०२३ च्या जूनमध्ये खेळाची दहावी आवृत्ती आली तेव्हा एल्डर सगळीकडे धुमाकूळ घालत होते, जिथे बघावं तिथे तेच जिंकत होते, मी म्हटलं चला आपण पण घेऊ. घेतले. पार्सल यायला वेळ, मग जोडायला वेळ, ते रत्नांसारखे बारीक खडे रंगवता रंगवता डोळ्याला पाणी, आणि माझी जेमतेम दहा-बारा मॉडेल होईपर्यंत कंपनीने त्यांचे पॉइंट्स (सैन्य जुळवताना मोजायची प्रत्येकाची खेळातली किंमत) वाढवले, नियमांना कात्री लावली आणि आमचा विजयरथ निघायच्या आधीच पंक्चर. नियम असे मधेमधे बदलत असतातच, शिवाय आठवी आवृत्ती २०१७, नववी २०२०, दहावी २०२३, दर तीन वर्षांनी पुस्तकच नवीन. म्हणून "सध्या कोण जिंकतंय" हे बघून आर्मी घेणं म्हणजे आजचा टोमॅटोचा भाव बघून टोमॅटो लावायला घेण्यासारखं आहे, पिंपळगाव मार्केटला माल पोचेपर्यंत भाव तोच राहील याची गॅरंटी कोण देणार.

आता कस्टोडीज. मॉडेल कमी हे खरं, पूर्ण दोन हजार पॉइंटच्या आर्मीला पंचवीस-तीस मॉडेलात काम होतं, सोनेरी स्प्रे मारला की अर्ध काम झालं. पण या खेळात माणसं मारून जिंकत नाहीत, टेबलावरच्या ठरलेल्या जागा धरून जिंकतात. पाच जागा आणि तुझ्याकडे सहा युनिट, एक चुकीच्या कोपऱ्यात गेलं की संपलं. फासे तुला माफ करतील, जागा नाही करणार. इम्पीरियल नाईट्सचं पण तेच, मोठे रोबो बघून जीव जातो, पण समोरच्याकडे रणगाडे फोडायच्या तोफा असल्या तर तू हरतोस आणि नसल्या तर त्याला काहीच करता येत नाही, दोन्हीत मित्र वैतागतो, आणि तुझ्याकडे तर मित्र एकच आहे.

मित्राचं बरं चाललंय. नेक्रॉन म्हणजे धातूचे सांगाडे, मेलेले परत उठून उभे राहतात हा त्यांचा मुख्य नियम. रंगवायला याच्याइतकी सोपी आर्मी नाही: चंदेरी स्प्रे, त्यावर काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग, तो खाचांत उतरतो), सुकला की चंदेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश वरच्यावर फिरवायचा, बंदुकीला हिरवा, झालं. एका रविवारात दहा.

तर तुला काय? सगळ्यांकडे असतात म्हणून मरीन टाळू नकोस, आपल्या नाशकात "सगळ्यांकडे" म्हणजे किती जणांकडे असणारेत मोजून बघ. आणि मरीन निळेच पाहिजेत असं कुठेय, चॅप्टर, म्हणजे मरीनची पलटण, स्वतःची बनवता येते, रंग तुझा, चिन्ह तुझं, नाव तुझं. फक्त एक, मरीनचे युनिट इतके प्रकारचे आहेत की खरेदीची खाज सुटते, तेव्हा आधी फक्त एक कॉम्बॅट पेट्रोलचा बॉक्स, म्हणजे छोट्या गेमपुरतं तयार सैन्य. त्या प्रकारात बॉक्समध्ये जे आहे तेवढंच घेऊन खेळायचं, पॉइंट जुळवायची कटकट नाही, टेबल लागतं ४४ बाय ३० इंच, म्हणजे घरचं डायनिंग टेबल जवळपास पुरतं. मोठ्या गेमला ४४ बाय ६० लागतं, तिथे मग आईशी वाटाघाटी.

आणि एल्डर मनातून जात नसतील तर? तर घेण्याआधी पुठ्ठ्याचे गोल काप, वर पेनाने नावं लिही, दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने फुकट डाउनलोडला ठेवले होते ते घे, आणि मित्राशी तीन गेम खेळ. टेप शिंप्याची चालते. तिन्ही हरलास आणि तरी रात्री झोपताना "ती मोटरसायकल भिंतीमागून काढायला पाहिजे होती" हेच डोक्यात असेल, तर बाबा एल्डरच घे, मग मी सांगितलेलं सगळं विसर. आवडलेली अवघड आर्मी पूर्ण रंगवून होते. नावडती सोपी आर्मी माळ्यावर जाते, माझ्या माळ्यावर आहे एक.

नमस्कार. मुलगा आठवीत आहे, नाशिकरोडला राहतो. मित्राकडे बघून त्याने वॉरहॅमरचा हट्ट धरलाय. बॉक्सची किंमत बघून मला तर चक्करच आली. खेळणंच आहे ना शेवटी? आणि घ्यायचंच झालं तर कुठलं?

ताई, चक्कर येण्यासारखीच किंमत असते, खोटं कशाला बोलू. पण खेळणं म्हणून बघू नका, कॅरमसारखं दुकानातून आणलं आणि सुरू असं यात नाही. बॉक्समधून निघतात त्या फ्रेमला चिकटलेल्या हात-पाय-डोक्याच्या तुकड्या. कटरने कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. वय कंपनी १२ च्या पुढे सांगते ते बरोबर आहे, फक्त कटर पहिले काही दिवस तुमच्या समोर.

आर्मी घेऊच नका अजून. आधी परीक्षा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे घरात असतीलच, नसतील तर दिवाळीत आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर मिळतात. त्यातले पाच घ्या, वरून एकच पांढरा हात मारा आणि त्याला सांगा हे पुन्हा रंगव, बारीक ब्रशने, चेहरा, पागोटं, ढाल सगळं. पाचवा मावळा पहिल्यापेक्षा चांगला झाला आणि तो स्वतःहून सहावा मागायला आला तर पैसे वाया जाणार नाहीत. दुसऱ्याच मावळ्यावर मोबाईल हातात गेला तर तुमचे हजारो रुपये वाचले.

पास झाला तर दोन आर्म्यांचा सुरुवातीचा संच बघा. दहाव्या आवृत्तीच्या अशा संचांत एका बाजूला स्पेस मरीन आणि दुसऱ्या बाजूला टिरॅनिड नावाचे किडे असतात, रंग-ब्रशसकट पण एक संच येतो. ज्या मित्राकडे बघून हट्ट धरलाय त्याच्या आईशी बोलून अर्धेअर्धे करता आलं तर सोन्याहून पिवळं, पोरांना खेळायला समोरचा पण मिळतो. कुठली बाजू कोणाची यावरून भांडण होईल, ते त्यांचं त्यांना मिटवू द्या.

वय ४६, बँकेत नोकरी, पंचवटी. चाळिशीचा चष्मा लागलाय, हात थोडा थरथरतो. रंगवायची हौस फार पण भीती वाटते की सगळं खराब करेन. माझ्यासारख्याला कुठली आर्मी?

साहेब, डेथ गार्ड. दोन शब्दांत उत्तर देता येतं असे प्रश्न फार कमी येतात म्हणून तुमचे आभार. हे सडलेले, गंजलेले, पू वाहणारे मरीन आहेत (जेवताना रंगवू नका), यांच्यावर रंग बाहेर गेला तर तो गंज, ओघळला तर तो पू, आणि ब्रश सटकला तर अजून छान. गंजाचा तपकिरी वॉश वरून ओतला की सगळ्या चुका झाकल्या जातात आणि बघणारा म्हणतो वा काय इफेक्ट काढलाय. चालायला हळू, एका टर्नला पाचच इंच, पण चिवटपणा ५, म्हणजे खेळात पण माफी आहे. ऑर्क पण असेच चुका पोटात घालतात, पण ते झुंडीने लागतात, वीस-वीसच्या, तेवढी चिकाटी असेल तर बघा.

हाताच्या थरथरीवर सराफ बाजारात एक चक्कर मारा, खरेदीला नाही, कारागीर बसतात तसे बघायला. दोन्ही कोपरं टेकलेली, मनगटाला मनगट टेकलेलं, काम डोळ्याशी आणि हलतात फक्त बोटं. मॉडेल हातात धरायचं नाही, औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवायचं आणि ती बाटली धरायची. भिंग लावलेला दिवा घेतला तर चष्म्याचं पण भागतं. २०१९ पासून कॉन्ट्रास्ट नावाचे रंग मिळतात, पांढरट प्रायमरवर (रंगाआधी मारायचा पहिला हात) एकदा लावले की खाचांत गडद आणि उंचवट्यावर फिके आपोआप बसतात, तुमच्यासाठीच केलेत असं समजा. शाळेतले अ‍ॅक्रिलिक दगड-माती-भिंतींना उत्तम, पण सैनिकाच्या चेहऱ्याला जाड पडतात.

आणि प्रायमरचा स्प्रे श्रावणात मारू नका! मी गॅलरीत मारला होता, रिमझिम चालू, सगळ्या मॉडेलवर साबुदाणा उठल्यासारखं झालं, दमट हवेत ते तसंच होतं. थंडीत पण सकाळी सकाळी नको, इकडे निफाडचा पारा काय करतो तुम्हाला माहितीये, अकरानंतर उन्हं आली की डबा नीट हलवून मारा. उन्हाळ्यात उलट त्रास, रंग प्लेटमध्येच वाळतो. त्याला चपट्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, त्यावर रंग काढायचा, दिवसभर ओला राहतो. पायाखालच्या गोल बेसवर गोदाकाठची वाळू चालते, चहाच्या गाळणीने चाळून, धुऊन, फेव्हिकॉलवर. गाळणी मात्र वेगळी ठेवा, आमच्याकडे यावरून एकदा रामायण झालंय.

सिडको. थ्रीडी प्रिंट करून घेतलं तर चालतं का? अंबडला एकाकडे प्रिंटर आहे.

घरी खेळायला चालतं, कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत आणि दुकानांत नाही चालत. प्रिंटर रेझिनचा आहे का ते विचार, वायरसारख्या फिलामेंटवाल्यात चेहरे नीट येत नाहीत, त्यावर भिंती आणि पडकी घरं काढ. रेझिन ओलं असताना कातडीला त्रास देतं, हातमोजे, खिडक्या उघड्या, मग अल्कोहोलने धुणं आणि यूव्ही लाईटखाली वाळवणं, हे सगळं तो करतो ना ते बघ. फाईल कंपनीच्या मॉडेलची चोरलेली नको, स्वतंत्र कलाकारांच्या विकत मिळतात. आणि नियमांसाठी वन पेज रूल्स बघ, मूळ नियम फुकट, कुठलीही मॉडेल चालतात, तासाभरात शिकून होतात. खरं तर पैशाची अडचण असेल तर मी सुरुवातच तिथून करायला सांगेन.

सटाण्याचा आहे, आता नाशिकला कॉलेज रोडला असतो. ते परग्रहावरचे लोक मला जमत नाहीत. आपल्या इतिहासातली लढाई खेळता येईल का? साल्हेरची? आणि मराठ्यांची आर्मी नवीन माणसाला सोपी आहे का?

व्वा, बागलाणचा माणूस साल्हेरच मागणार! खेळता येते, ऐतिहासिक लढायांचा हा छंद तर फॉर्टी-केच्या कितीतरी आधीचा आहे. मराठे आणि मुघल दोन्ही परदेशातले छोटे मेकर्स करतात, बहुतेक धातूचे, ते प्लास्टिक सिमेंट नावाच्या गोंदाने चिकटत नाहीत, फेव्हिक्विक लागतो. २८ मिमीचे दिसतात सुंदर पण साल्हेरसारखी घोडदळाची लढाई त्यात करायची म्हणजे घर विकावं लागेल. १५ मिमीत बघा, निम्म्या उंचीचे सैनिक, खर्च पण कमी आणि त्याच टेबलावर लढाई मोठी दिसते.

१६७२ ची साल्हेरची गंमत ही की ती गडावरून दगड लोटायची लढाई नाही, मराठे मोगलांशी मोकळ्या मैदानात भिडले, प्रतापराव गुजर एका बाजूने आणि मोरोपंत पिंगळे दुसऱ्या बाजूने, सूर्याजी काकडे तिथेच पडले. म्हणजे टेबलाला मैदान पाहिजे, मागे गड पुठ्ठ्याचा उभा करा, खेळात तो नुसता बघायला. अख्खी लढाई पहिल्याच दिवशी नको, एका बगलेवरच्या दोन-तीन तुकड्या घ्या.

आता सोपी आहे का. नाही हो. वर त्या इंदिरानगरच्या मुलाला एल्डरबद्दल जे सांगितलं तेच इथे लागू, हलकं घोडदळ, चिलखत कमी, थांबलं की मेलं, हुलकावणी देऊन नेमक्या वेळी वळून मारायचं. गनिमी कावा वाचायला सोपा आणि टेबलावर करायला महाकठीण, पहिल्या गेममध्ये आपण सगळं घोडदळ सरळ तोफांवर घालतो आणि दुसऱ्या टर्नला मैदान साफ. शिवाय प्रत्येक स्वाराबरोबर घोडा पण रंगवायचाय, म्हणजे काम दुप्पट. मुघल जड, हळू, तोफा आणि चिलखत घेऊन उभे राहतात, चुकलं तरी थोडा वेळ टिकतात. शिकायला ती बाजू सोपी.

ऐतिहासिक खेळणारे बरेचदा दोन्ही सैन्यं स्वतःच रंगवतात, कारण समोरच्याकडे ती असतीलच असं नाही. तुम्ही पण तसंच करा आणि सुरुवात मुघलांपासून करा, ब्रशवर हात बसेपर्यंत जे बिघडायचं ते त्यांचं बिघडू दे. घरात कोणी विचारलं की हे काय रंगवत बसलायस, तर सांगा, हरायला पण कोणीतरी लागतंच की.